बोले यांचा दुसरा ठराव

रावबहादूर सीताराम केशव बोले हे नाव मराठी वाचकाला भेटते ते महाडच्या चवदार तळ्याच्या हकीकतीत. १९२७ च्या सत्याग्रहाबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीला ‘बोले ठराव’ हे दोन शब्द लिहितो आणि पुढच्याच वाक्यात बाबासाहेबांकडे वळतो. ते साहजिक आहे. तळ्यावर चालत गेले ते बाबासाहेब आणि त्यांच्यामागून आलेली कोकणातली माणसे. कौन्सिलात उभे राहून ठराव वाचणे त्यामानाने सोपे काम. पण या घाईत बोले यांच्या कामाचा निम्माच भाग आपल्या लक्षात राहिला. ४ ऑगस्ट १९२३ चा त्यांचा ठराव शालेय पुस्तकांपर्यंत पोचला आहे. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्याच सभागृहात त्याच माणसाने मांडलेला आणि मंजूर करून घेतलेला दुसरा ठराव मात्र अभ्यासकांच्या तळटिपांपलीकडे फारसा गेला नाही. माझ्या मते तो दुसरा ठराव अधिक मोठा होता. नागरी हक्कांचे कायदे एकामागून एक होत गेले, तरी प्रत्यक्ष विहिरीपर्यंत हक्क पोचायला इतका उशीर का झाला, हे शोधू गेले की पावले त्या दुसऱ्या ठरावापाशीच येऊन थांबतात.

बोले यांचा जन्म १८६९ चा. ते मुंबईच्या भंडारी समाजातले. ताडी-माडीच्या परंपरागत धंद्यामुळे ओळखली जाणारी ही कोकण-मुंबईची जात स्पृश्यांत मोजली जाई. पण शिक्षण, नोकऱ्या आणि प्रतिष्ठा यांच्या वाटणीत तिच्या हाती फारसे काही लागलेले नव्हते. आपल्याही खाली कुणाला तरी ठेवून मान मिळवायचा, हा मार्ग अशा मधल्या जातींपुढे नेहमीच खुला असतो. बोले त्या मार्गाने गेले नाहीत. १९०७ साली भीमराव आंबेडकर हा एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्कारासाठी मुंबईत सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. पुढे वीस वर्षांनी ज्याच्या ठरावाच्या आधाराने महाडची परिषद तळ्यावर गेली, तो माणूस त्या मुलाच्या पहिल्या जाहीर सत्काराला अध्यक्षस्थानी होता.

त्यांचे सार्वजनिक काम सुरू झाले गिरणगावात. १९०९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कामगार हितवर्धक सभा स्थापन केली. नारायण मेघाजी लोखंडे १८९७ मध्ये वारले होते आणि त्यांनी उभी केलेली मिलहँड्स असोसिएशन त्यांच्यानंतर थंडावली होती. गिरणीत दिवसाला बारा-तेरा तास काम करणाऱ्या माणसांच्या वतीने बोलणारे मुंबईत कुणी उरलेले नव्हते. बोले यांची सभा आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिचे पुढारी गिरणीबाहेरचे होते. अर्ज लिहिणे, मालकांशी बोलणी करणे, तंटा झाला तर मध्यस्थी करणे, कामगारांसाठी वर्तमानपत्र चालवणे हे तिचे काम होते. १९२८ मध्ये लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनने हजारो कामगार रस्त्यावर आणले, तेव्हा ही जुनी रीत मागे पडली आणि तिच्यावर मवाळपणाचा शिक्का बसला. तो शिक्का खोटा नव्हता. पण या मवाळ कामातून बोले एक गोष्ट शिकले. कारखान्याच्या कायद्यात कामाचे तास ठरवून दिले तरी इन्स्पेक्टर येईपर्यंत त्या तासांना काही अर्थ नसतो. कागदावरचा नियम आणि तो पाळायला लावणारा दाब, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९२३ आणि १९२६ च्या दोन ठरावांमधले अंतर नेमके एवढेच आहे.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२० च्या अखेरीस निवडणुका झाल्या. काँग्रेसने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. त्यामुळे १९२१ ते १९२३ च्या मुंबई कायदे कौन्सिलात मवाळ, ब्राह्मणेतर, जमीनदार आणि सरकारने नेमलेले सभासद यांचाच भरणा होता. राष्ट्रीय वृत्तपत्रांनी या सभागृहाची किंमत शून्य धरली. आज मागे वळून पाहताना तो हिशेब चुकीचा वाटतो. ज्यांना आजवर कोणत्याही सभागृहात पाऊल ठेवता आले नव्हते अशा जातींचे लोक तिथे प्रथमच बसले, आणि स्वराज्याच्या चर्चेत मागे ढकललेले प्रश्न त्यांनी कामकाजात आणले. बोले यांनी तिथे मांडलेले विषय पाहिले तर या माणसाचा रोख कळतो. कोकणातल्या खोतांच्या जाचाखाली पिचलेल्या कुळांची बाजू त्यांनी घेतली. गावजोशाला बोलवा अथवा न बोलवा, त्याची दक्षिणा त्याला द्यावीच लागे, असा वतनी हक्क गावोगाव चालत होता. तो मोडण्यासाठी त्यांनी जोशी बिल आणले आणि १९२६ मध्ये त्या हक्काला कायद्याने पूर्णविराम मिळाला. कुणाच्या तरी पिढीजात हक्कासाठी दुसऱ्याने मुकाट्याने भार सोसायचा, ही व्यवस्था त्यांना जिथे दिसली तिथे त्यांनी हात घातला.

पाण्याचा प्रश्न काही त्यांनी शोधून काढलेला नव्हता. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पण तो त्यांचा स्वतःचा हौद होता. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा यांत अस्पृश्यांना समान वागणूक देण्याचे हुकूम काढले. तिथे हुकूम काढणारा छत्रपती होता. संस्थानात त्याचा शब्द हाच कायदा. ब्रिटिश मुलखात दोन्ही गोष्टी नव्हत्या. १९१६ मध्ये नागपूरचे माणेकजी दादाभॉय यांनी मध्यवर्ती कौन्सिलात अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल ठराव मांडला, तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या मातब्बरांचाही पाठिंबा त्यांना मिळाला नाही. सात वर्षांनी मुंबई कौन्सिलात बोले उभे राहिले. त्या सभागृहात अस्पृश्यांचा म्हणावा असा निवडून आलेला एकही सभासद नव्हता. आंबेडकर नुकतेच लंडनहून परतले होते. कौन्सिलात यायला त्यांना अजून साडेतीन वर्षे लागायची होती.

बोले यांच्या ठरावाचा आशय असा होता: सार्वजनिक पैशातून बांधलेले अथवा चालवलेले, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या मंडळांच्या ताब्यातले सगळे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. यातली शहाणपणाची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. विटाळ, शास्त्र, रूढी, हृदयपरिवर्तन यांपैकी कशाचाही वाद ठरावाने ओढवून घेतला नाही. पैसा कुणाचा, एवढाच प्रश्न त्याने विचारला. विहीर सर्वांच्या करातून झाली असेल तर ती सर्वांची. महाराचा घरपट्टीचा पैसा नगरपालिकेच्या तिजोरीत पडताना विटाळत नसेल, तर त्याचा हात त्याच तिजोरीतून बांधलेल्या घाटावर का विटाळावा? धर्माच्या मैदानात हा वाद शंभर वर्षे चालला असता. हिशेबाच्या वहीत त्याचा निकाल एका ओळीत लागत होता.

ठराव मंजूर झाला. आता सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी काढलेला हुकूम जरा जवळून पाहिला पाहिजे, कारण पुढची सगळी रखडपट्टी त्याच्या दोन वाक्यांत दडलेली आहे. पहिल्या वाक्यात, जी ठिकाणे खुद्द सरकारच्या मालकीची आणि सरकार चालवते तिथे खातेप्रमुखांनी ठरावाची अंमलबजावणी करावी, असे सांगितले होते. दुसरे वाक्य नगरपालिका आणि लोकल बोर्डांविषयी होते. तिथे कलेक्टरांनी या संस्थांना असा सल्ला द्यायचा होता, की ठरावातली शिफारस स्वीकारणे इष्ट आहे काय याचा त्यांनी विचार करावा. म्हणजे सरकारी कचेरीच्या आवारात हक्क, आणि कचेरीच्या फाटकाबाहेर विचारविनिमय. पण लोक पाणी कचेरीत भरत नव्हते. तळी, आड, हौद, बाजारातल्या विहिरी, गावच्या शाळा यांतल्या बहुतेक नगरपालिका आणि बोर्डांकडे होत्या. त्याच १९२३ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचा कारभारही स्थानिक संस्थांच्या हाती गेला. एका हाताने शाळा बोर्डांकडे सोपवायच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच बोर्डांना ‘विचार करा’ म्हणायचे, असा तो प्रकार होता. गावाच्या कारभारात ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्याच मर्जीवर बाकीच्यांचा हक्क सोपवला गेला. नागरी हक्कांची या देशातली सर्वांत जुनी गळती इथली आहे.

तरीही ठराव वाया गेला असे म्हणता येत नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरवले. सुरबा टिपणीस तेव्हा तिथले प्रमुख. प्रत्यक्षात कुणी तळ्यावर फिरकले नाही. फिरकण्याची हिंमत करणाऱ्याची गत काय होईल हे सर्वांना माहीत होते. पण जे सांगायचे ते आता दप्तरात नोंदले गेले होते. महाडजवळच्या दासगावात १९२६ च्या शेवटी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभा घेऊन तिथल्या पाणवठ्यावर जाऊन पाणी घेतले, ते बोले ठरावाचेच नाव घेऊन. ठरावात दंडाची तरतूद नव्हती, शिक्षा नव्हती, पोलिस नव्हते. पण तळ्याकडे निघालेल्या माणसाला तो एक गोष्ट देत होता: मी काही नवे मागत नाही, कौन्सिलने जे मान्य केले ते घ्यायला आलो आहे. अडवणाऱ्यावर आता कारण दाखवायची पाळी आली.

या मोऱ्यांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पुढे ते कम्युनिस्ट पुढारी म्हणून प्रसिद्ध झाले. १९१४ च्या सुमारास, वय अकराच्या आसपास असताना, महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. तेव्हा त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि अशा शाळेला सरकारी ग्रँट का मिळावी असा सवाल केला. प्रवेश मिळाला. वर्गात नव्हे, वर्गाबाहेर बसायला, पण मिळाला. महाडच्या त्या शाळेला धर्माचे आवाहन कळले नसते, समतेची व्याख्या पटली नसती. ग्रँट बंद होण्याची शक्यता मात्र तिला ताबडतोब समजली. कौन्सिलातल्या जाणत्या सभासदाच्या बारा वर्षे आधी एका अकरा वर्षांच्या मुलाने नेमकी कळ दाबली होती.

५ ऑगस्ट १९२६ चा बोले यांचा ठराव तीच कळ सरकारच्या हाती देत होता. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ च्या ठरावाची अंमलबजावणी करायला नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्याची शिफारस होती. कौन्सिलने तो मंजूर केला. तीन वर्षे सल्ला देऊन काय झाले हे सभागृहाने पाहिले होते. स्थानिक संस्थांचा गाडा सरकारी अनुदानावर चालत असे. शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा वरून येई. ते पैसे रोखण्याचा अधिकार सरकारकडे आधीपासून होता. त्यासाठी नवा कायदा, नवी पोलिस चौकी, नवे न्यायालय यांतले काही लागत नव्हते. एक सही थांबवायची होती.

सरकारने ती थांबवली नाही. १९२७ च्या मार्चमध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे. १९ आणि २० मार्चला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अनंतराव चित्रे यांनी सूचना मांडली आणि परिषद तळ्याकडे निघाली. बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी घेतले. मागोमाग वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी आवई उठवून परिषदेच्या माणसांना लाठ्याकाठ्यांनी झोडपण्यात आले, आणि तळ्याची शुद्धी केली गेली. त्यानंतर नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. त्या दिवसाची तारीख ४ ऑगस्ट १९२७ होती. बोले यांचा पहिला ठराव मंजूर होऊन बरोबर चार वर्षे, आणि दुसरा मंजूर होऊन एक वर्ष. अनुदान तोडण्याची शिफारस सरकारदरबारी पडून असताना एक नगरपालिका दिवसाढवळ्या आपला शब्द फिरवते आणि तिला कुणी जाब विचारत नाही. पुढच्या डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्या परिषदेसाठी महाडला आले, तेव्हा सरकार वादापासून अलिप्त होते आणि स्पृश्य पुढाऱ्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम न्यायालयाच्या हुकमाखातर पुढे ढकलला गेला.

तो खटला १९३७ पर्यंत चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी स्पृश्यांचे अपील फेटाळले. हा निकाल विजय म्हणून साजरा होतो आणि तसा तो होताही. पण तो वाचताना मला दर वेळी हुरहूर वाटते. तळे खासगी नाही, नगरपालिकेचे आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मग प्रश्न उरला, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी स्पृश्यांनी सिद्ध केली काय? नाही केली, असे न्यायालयाने म्हटले. नगरपालिकेच्या काळातली वहिवाट दाखवली गेली. त्याआधीच्या काळाविषयी पुरेसा पुरावा नव्हता. रूढी सिद्ध झाली असती तर ती सार्वजनिक धोरणाच्या विरोधात आहे का, या प्रश्नात शिरण्याची गरजच न्यायालयाला पडली नाही. म्हणजे चवदार तळे खुले झाले ते वादींचा पुरावा तोकडा पडला म्हणून. माणसाला पाणी पिण्याचा हक्क आहे, असे त्या निकालपत्राने म्हटले नाही. १९२३ ते १९३७ अशी चौदा वर्षे गेली. १९२६ चा ठराव सरकारने मनावर घेतला असता, तर हा खटला उभा राहण्याआधीच महाडच्या नगरपालिकेला आपली वही पुन्हा उघडावी लागली असती.

बोले यांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ते तळ्यावर गेले नाहीत, तुरुंगात गेले नाहीत. रावबहादूरकी त्यांनी मिरवली, आणि सरकारने आपले ठराव गुंडाळून ठेवले म्हणून कौन्सिल सोडून ते लोकांत उतरले, असेही घडले नाही. अर्ज, शिष्टमंडळ, ठराव ही त्यांची हत्यारे होती आणि ती चालेनाशी झाली तेव्हा त्यांच्याकडे दुसरे हत्यार नव्हते. उत्तरायुष्यात ते हिंदू महासभेच्या राजकारणाकडे झुकले. सावरकरांच्या रत्नागिरीतल्या अस्पृश्यता निवारणाशी त्यांचे सूर जुळले होते. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. तिथून दोघांच्या वाटा फाकल्या. हिंदू समाज एकसंध राहावा म्हणून अस्पृश्यता जावी, हा एक विचार; अस्पृश्य माणूस आहे म्हणून ती जावी, हा दुसरा. पहिल्या विचारात हक्क हे साधन ठरते आणि साध्य बदलले की साधनाची गरज संपते. बोले शेवटपर्यंत या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहिले, असे मला वाटते. त्यांच्या ठरावाची भाषा मात्र दुसऱ्या विचाराची आहे. तिथे समाजाच्या एकीचा उल्लेखही नाही. कर भरणारा माणूस आणि त्याच्या करातून बांधलेली विहीर, एवढेच आहे.

ती भाषा टिकली. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा केला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. आज ते सतरावे कलम आहे. सतराव्या कलमाचे गुणगान होते, पण बोले यांच्या ठरावाशी रक्ताचे नाते आहे ते पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाचे. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून बंधन असणार नाही, असे ते सांगते. सार्वजनिक पैसा ही कसोटी, आणि पाणवठ्यांची ती यादी. १९२३ च्या कौन्सिलातून ती जशीच्या तशी उतरली असे मी म्हणणार नाही. मद्रासच्या कौन्सिलात रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १९२४ मध्ये रस्ते आणि विहिरींचा असाच प्रश्न लढवला होता आणि अशा अनेक झऱ्यांचे पाणी घटनेत आले. पण मसुदा समितीचे अध्यक्ष चवदार तळ्याच्या खटल्यातले प्रतिवादी होते. पाणी आणि नगरपालिका यांची गाठ किती पक्की असते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बोले १९६१ पर्यंत जगले. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा त्यांनी पाहिला. आपल्या ठरावात जे नव्हते ते त्यात होते: विहिरीवर अडवणे हा गुन्हा ठरला आणि त्याला शिक्षा आली. १९७६ मध्ये तो कायदा दुरुस्त होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले आणि किमान एक महिन्याची कैद सक्तीची झाली. तपासात मुद्दाम हयगय करणाऱ्या सरकारी नोकराला गुन्ह्याचा साथीदार धरण्याची सोय झाली. गावाने मिळून अस्पृश्यता पाळली तर गावावर सामूहिक दंड बसवण्याचे कलमही आले. १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला.

१९५५ आणि १९७६ च्या कायद्यांच्या मधल्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत काय चालले होते, ते बाबा आढाव यांनी दाखवून दिले. १९७२ चा दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, आणि तरी दलितांचा पाणवठा वेगळाच राहिला. ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन बाबा आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. महाडचा निकाल लागून पस्तीस वर्षे, घटना लागू होऊन बावीस वर्षे झाली होती. गावची विहीर ग्रामपंचायतीची, ग्रामपंचायतीला अनुदान सरकारचे, सरकार घटनेचे. आणि विहिरीवर दोरी-बादली मात्र जातीची. या मोहिमेत त्यांना जे दिसले ते १९२३ च्या हुकमातल्या दुसऱ्या वाक्याचे पन्नास वर्षांनंतरचे रूप होते.

कायद्याचे न्यायालयात काय होते, याचे उदाहरण कर्नाटकातले आहे. आप्पा बाळू इंगळे या खटल्यात नव्याने खोदलेल्या बोअरवेलवर पाणी भरायला गेलेल्या दलितांना अडवण्यात आले. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, सत्र न्यायालयाने ती कायम केली, उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या आरंभी शिक्षा पुन्हा बसवली आणि सतराव्या कलमाचे विस्ताराने विवेचन केले. एका बोअरवेलसाठी चार न्यायालये. एवढा पल्ला किती जण गाठतील? तक्रार करणाऱ्याचे शेत, मजुरी, दुकानातली उधारी सगळे त्याच गावात असते, साक्षीदारही तिथलेच. फौजदारी कायद्याचे सारे ओझे अन्याय सोसणाऱ्याच्याच खांद्यावर पडते. त्याने पोलिसांत जायचे, त्याने टिकायचे, त्याने बदला सोसायचा. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, टाकी, नळ अशी पाणवठ्यांची सविस्तर यादी घालावी लागली. ब्याण्णव वर्षांपूर्वीची यादी पुन्हा लिहावी लागते, याचा अर्थ शिक्षेची तरतूद एकटी पुरत नाही.

अनुदान रोखण्याचा उपाय हे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. तिथे सिद्ध करायचे असते संस्थेने: आमचा पाणवठा सर्वांना खुला आहे. आणि हा उपाय चालतो, याचा दाखला अमेरिकेत आहे. हार्लेमचे काळे काँग्रेस सभासद ॲडम क्लेटन पॉवेल यांनी चाळीस-पन्नासच्या दशकांत, वर्णभेद पाळणाऱ्या संस्थांना केंद्राचा पैसा देऊ नये अशी दुरुस्ती विधेयकामागून विधेयकाला जोडायचा प्रयत्न केला. ती ‘पॉवेल दुरुस्ती’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली आणि उदारमतवाद्यांनीसुद्धा तिला विघ्न मानले. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले होते. पण दहा वर्षांनंतरही दक्षिणेत गोऱ्या मुलांबरोबर शिकणाऱ्या काळ्या मुलांचे प्रमाण शेकडा दोन-तीनच्या पुढे गेले नव्हते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या भागात पॉवेल यांचे तत्त्व आले: भेदभाव करणाऱ्याला केंद्राचा पैसा नाही. पुढच्या वर्षी शाळांना केंद्राची मोठी मदत सुरू झाली आणि ती गमावण्याची वेळ आली, तेव्हा १९६८ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशावर गेले. न्यायालयाच्या दहा वर्षांना जे जमले नाही ते हिशेबाने तीन-चार वर्षांत करून दाखवले. मुंबईच्या कौन्सिलात हा मार्ग १९२६ मध्येच मंजूर झाला होता.

तो पुढे कुणी चालवला नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात अनुदानाची अट आली नाही. १९५५, १९७६ आणि १९८९ च्या कायद्यांनी गुन्हेगाराला शिक्षा द्यायचे ठरवले, संस्थेचा पैसा मात्र चालू ठेवला. सामूहिक दंडाचे कलम हाच काय तो त्या दिशेचा अर्धा प्रयत्न. कारण उघड आहे: अनुदान तोडायचे तर राज्यकर्त्याला आपल्याच गावपुढाऱ्यांचा, आपल्याच मतदारांचा रोष घ्यावा लागतो; शिक्षेचे काम न्यायालयावर सोपवता येते. त्यावर नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे, की गावाचा पैसा थांबला तर त्या गावातल्या दलितांचाही थांबतो. म्हणूनच तोडण्यापेक्षा अट घालणे योग्य. पैसा येण्याआधी दाखला द्यावा लागणे आणि तो दाखला खोटा निघाल्यास सही करणाऱ्यावर कारवाई होणे, एवढ्याने गावातल्या शेवटच्या घराचे पाणी बंद होत नाही.

या दुसऱ्या ठरावाला २०२६ मध्ये शंभर वर्षे होतात. आज ग्रामपंचायतींकडे पाण्यासाठी जेवढा पैसा येतो तेवढा पूर्वी कधी आला नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला. २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ घरोघर नेण्याचे काम चालू आहे. हे अनुदान मिळवायला हिशेबाचे लेखापरीक्षण लागते, ते वेळेवर ऑनलाइन चढवावे लागते, आणि ते न केल्यास हप्ता खरोखरच अडतो, ग्रामसेवकांना विचारा. म्हणजे सही थांबवायची यंत्रणा जागेवर आहे आणि चालतेही. त्या तपासणीत किती मीटर पाइप टाकला, टाकी किती लिटरची, नळजोडण्या किती, हे विचारले जाते. वस्तीतल्या बाईला गावच्या टाकीवर हंडा भरू देतात का, दलित वस्तीची लाइन मुख्य लाइनीच्या शेवटी काढली आहे की तिला वेगळा व्हॉल्व्ह आहे, गावात दोन पाणवठे असतील तर ते दोन का आहेत, हे रकाने त्यात घालायचे आहेत, आणि ते भरायचे काम सरपंचाच्या सहीबरोबरच वस्तीतल्या लोकांच्या स्वतंत्र सभेत व्हायला हवे.